हाताला पोहोचेल असा खडक



मागील अंकात उतारवयातील छंदांविषयी लिहिताना एक वाक्य मी सहज लिहून गेले होते. खाऱ्या पाण्याची लहान प्रवाळ-टाकी सांभाळण्यास वयाची आडकाठी नाही, मात्र ती ज्येष्ठाच्या हाताला पोहोचेल अशी रचलेली असावी, असे ते वाक्य होते. त्यावर काहींनी विचारले, की टाकी तर दुकानदारच रचून देतो, मग त्यात आपण पाहण्यासारखे काय उरते? या प्रश्नाचे उत्तर चार ओळींत देता येण्याजोगे नाही, म्हणून आजचा संपूर्ण लेख त्यालाच देत आहे. आणि ते उत्तर मला पुस्तकातून नव्हे, तर माझ्या मामांच्या बैठकीच्या खोलीत मिळाले, तेव्हा आरंभही तेथूनच करते.

मामांचे आयुष्य नकाशे काढण्यात गेले. निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी घरची मंडळी मालवणला गेली असता, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात नातवाने तोंडाला मुखवटा लावून डोके बुडवले आणि खालची प्रवाळे पाहिली. मामा होडीतच बसून होते. वर आलेल्या नातवाने धापा टाकत जे वर्णन केले, ते मामांच्या मनात इतके रुतले, की पुण्याला परतल्यावर दोन महिन्यांत, वयाच्या ७३ व्या वर्षी, त्यांनी खाऱ्या पाण्याची टाकी घेतली. दुकानातील माणसाने एका दुपारीत वीसेक किलो कृत्रिम खडक मागच्या काचेला टेकवून भिंतीसारखा रचला. दिसायला तो देखणा होता. पाहुणे कौतुक करत आणि मामा सुखावत.

आठ महिन्यांनी त्या भिंतीच्या मागे गाळ साचला. वाळूवर लालसर चिकट थर धरू लागला. एके दिवशी एक मासा दिसेनासा झाला आणि दुसऱ्या दिवशी पाण्याला वास येऊ लागला. मासा खडकामागे मरून पडला असणार, हे मामांनी ओळखले. घरात कोणी नाही असे पाहून ते प्लॅस्टिकच्या स्टुलावर चढले, खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला आणि वरचा दगड उचलू लागले. दगड निसटला, तो सावरण्याच्या भरात तोल गेला आणि उजवे मनगट मोडले.

प्लास्टर सहा आठवडे राहिले. मुलाने टाकी काढून टाकायचे ठरवले. त्याच्या बाजूने पाहिले तर तो चुकत नव्हता. वडिलांच्या हाडांपुढे माशांचे काय एवढे? मामा वाद घालत बसले नाहीत. त्यांनी फक्त आपली खुर्ची फिरवली आणि टाकीकडे पाठ करून बसू लागले. तेव्हा मामींचा मला दूरध्वनी आला. "तू एकदा येऊन जा गं. हे बोलतच नाहीत कोणाशी."

मी व्यवसायोपचाराच्या क्षेत्रात तीस वर्षे काढली. हात, बोटे, मनगटे आणि त्यांनी करायची रोजची कामे, हाच माझा विषय. टाकीपुढे उभे राहून मी माझा हात आत घालून पाहिला. मागच्या काचेपर्यंत तो जाईचना. पुढची काच आणि खडक यांमध्ये दोन बोटांचीही फट नव्हती. तळाला हात लावायचा तर मलाही चवड्यांवर उभे राहावे लागत होते. दोष खाऱ्या पाण्याचा नव्हता, मामांच्या वयाचाही नव्हता. दोष त्या खडकांच्या रचनेचा होता. मी तसे म्हणताच मामेभाऊ म्हणाला, "ताई, तू त्यांचीच बाजू घेणार." मी म्हटले, "बाजू नाही घेत. हीच टाकी ठेवायची असेल तर मीही काढूनच टाका म्हणेन."

या टाकीत खडक हा निव्वळ देखावा नसतो, हे प्रथम लक्षात घ्यावे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो आणि तो माशांना विषारी असतो. खडकाच्या सच्छिद्र पृष्ठभागावर वस्ती करणारे सूक्ष्मजीव त्या अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि मग पुष्कळ कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. खडकाच्या आत, जेथे प्राणवायू पोहोचत नाही, तेथील वेगळे जीवाणू त्या नायट्रेटचाही काही भाग वायुरूपाने बाहेर सोडतात. म्हणजे खडक हेच टाकीचे यकृत आणि मूत्रपिंड होय. १९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी समुद्रातील जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर खाऱ्या पाण्याची टाकी चालवण्याची आपली रीत प्रसिद्ध केली. पुढे जर्मनीतील छांदिष्टांनी तिचा विस्तार केला आणि टाकी खडकांनी भरून टाकण्याची पद्धत रूढ झाली. जितका खडक अधिक तितके पाणी निर्मळ, असा समज त्यातून रुजला. पण पाणी जर खडकाभोवती फिरलेच नाही, तर तो खडक असून नसल्यासारखा. उलट त्याच्या आडोशाला गाळ कुजतो. रक्तपुरवठा नसलेल्या यकृताचा काय उपयोग?

म्हणून लहान टाकीसाठी माझे मत कमी खडकाच्या बाजूने आहे. मामांसाठी आम्ही नवी टाकी घेतली ती ६० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि केवळ ३५ उंच. वाळू आणि खडक वजा जाता तिच्यात सुमारे ७५ लिटर पाणी मावते. उंच टाक्या दुकानात डौलदार दिसतात, परंतु तळाशी पोहोचण्यासाठी खांदा वर उचलावा लागतो, आणि मधुमेही माणसाच्या आखडलेल्या खांद्याला नेमके तेच जमत नाही. ७५ सेंटिमीटर उंचीच्या भक्कम टेबलावर ही टाकी ठेवली, तर तिची वरची कड जमिनीपासून ११० सेंटिमीटरवर येते. मध्यम उंचीचा माणूस दोन्ही पाय जमिनीवर ठेवून तळापर्यंत हात नेऊ शकतो आणि स्टुलाचे काम उरत नाही. पाणी, वाळू, काच, खडक मिळून वजन शंभर किलोंच्या वर जाते, हे टेबल निवडताना विसरू नये. खडक आम्ही लिटरमागे शंभर ग्रॅम या हिशेबाने साडेसात किलो घेतला, पूर्वीच्या निम्म्याहून कमी.

कोणता खडक, हा प्रश्न आपल्याकडे कायद्याशीही निगडित आहे. पाषाणी प्रवाळे, काळी प्रवाळे आणि समुद्रपंखे यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात स्थान मिळाले आहे. समुद्रातून प्रवाळखडक उचलणे किंवा तसा कोणी विकत असल्यास घेणे, दोन्ही टाळावे. भाजलेल्या मातीचे, सच्छिद्र असे कृत्रिम खडक बाजारात मिळतात, तेच घ्यावेत. सिमेंटचे खडक घेतल्यास ते कित्येक आठवडे पाणी बदलत भिजत ठेवावे लागतात, कारण त्यांतील चुना पाण्याची अल्कता भलतीच वाढवतो. कोकणातून आणलेला जांभा टाकीत घालावा का, असे मामींनी विचारले होते. घालू नये, त्यात लोह फार. काळा कातळ निरुपद्रवी खरा, पण घट्ट आणि जड. सूक्ष्मजीवांना घर म्हणून तो फारसा उपयोगी नाही.

आता रचनेकडे वळू. येथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण सारे रहस्य येथेच आहे आणि ज्येष्ठांना खरा आनंदही येथेच मिळतो.

पाण्यात रचना करायची नाही. ती कोरड्यात, जेवणाच्या टेबलावर, खुर्चीत बसून करायची. मामांनी जुन्या सवयीने एक मोठा कागद पसरला आणि त्यावर ६० बाय ४५ चा आयत आखला. मग आतून चारही बाजूंना सात सेंटिमीटर सोडून दुसरा आयत आखला आणि त्या पट्ट्यावर लिहिले, 'हाताचा रस्ता'. या रस्त्यात एकही दगड यायचा नाही. काच पुसायचे चुंबक, मेलेला मासा काढायची जाळी, गाळ ओढायची नळी, सारे याच रस्त्याने जाणार. आपल्या घरी हे माप ठरवताना ज्येष्ठ व्यक्तीची मूठ कागदावर ठेवून तिची रुंदी घ्यावी. संधिवाताने बोटे सुजलेली असतील तर सकाळची मूठ मोजावी, कारण तेव्हा ती अधिक जाड आणि ताठ असते.

आणि मोजताना पाच वर्षांपुढचा हात डोळ्यांपुढे आणावा. आज कंप नसेल, पुढे येऊ शकेल. आज नजर स्वच्छ असेल, पुढे मोतीबिंदू होऊ शकेल. खडक एकदा जोडून, वाळूत रुतवून, त्यावर जीव वाढू लागले की रचना बदलणे म्हणजे सगळी टाकी मोडणे. म्हणून हा विचार पहिल्याच दिवशी करावा लागतो. अशुभ बोलतो आहोत असे वाटून घरचे लोक हा विषय टाळतात, पण माझा अनुभव असा, की ज्येष्ठांना त्याचे वाईट वाटत नाही. मामा तर हसून म्हणाले, "मग रस्ता आठाचा करू."

कागद तयार झाल्यावर दगड मांडायला घ्यायचे. मामांचा हात तेव्हा नुकताच प्लास्टरमधून निघाला होता, त्यामुळे उचलण्याचे काम नातवाकडे आणि ठरवण्याचे मामांकडे. ही विभागणी मी मुद्दाम केली आणि काळजी घेणाऱ्यांना ती आवर्जून सांगते. घाई होते म्हणून आपणच दगड ठेवून मोकळे होऊ नका. "आजोबा, इथे?" "नाही, जरा फिरव. अजून. त्याचं तोंड इकडे करून बघ." असा तासभर चालला. पुण्यात दिवाळीचा किल्ला करताना जी चर्चा रंगते, तिचाच हा खाऱ्या पाण्याचा अवतार. दगड वेडेवाकडे असतात, प्रत्येकाला एक बूड आणि एक तोंड असते, आणि ते हातात फिरवल्याखेरीज सापडत नाही. कोकणात बिनमातीचा गडगा रचणारे गडी हेच करतात; दगड घडवीत नाहीत, फिरवतात.

स्थैर्यासाठी तीन दगडांची चूल आठवावी. वरचा दगड खाली तीन ठिकाणी टेकला की तो डुगडुगत नाही; चार ठिकाणी टेकवू गेल्यास एक बाजू हमखास अधांतरी राहते. प्रत्येक दगड ठेवल्यावर त्याला बोटाने सर्व बाजूंनी ढकलून पाहावे. नुसत्या बोटाने हलतो तो दगड पाण्यात गोगलगाईच्या धक्क्यानेही हलेल. समतोल साधल्यावर सांधे पक्के करायचे. मत्स्यटाकीसाठी निर्धोक असलेली, दोन भाग मळून लावायची पुट्टी मिळते. तिच्या जोडीला घट्ट द्रवरूप सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद वापरतात. घरी नळासाठी आणलेली पुट्टी येथे वापरू नये. जोडलेला प्रत्येक गट एका माणसाला दोन्ही हातांनी उचलता यावा, इतकाच मोठा ठेवावा. आम्ही दोन किलोंची मर्यादा घातली. येथे एक गोष्ट सांगायला हवी. पाण्याखाली दगड हलका वाटतो, कारण पाणी त्याला उचलून धरते. पृष्ठभागाबाहेर येताच तो एकदम जड होतो, शिवाय त्याच्या छिद्रांतले पाणीही सोबत येते. मामांच्या हातून दगड निसटला तो नेमका याच क्षणी.

खडक वाळूवर ठेवायचा नाही. टाकीच्या तळाशी पातळ प्लॅस्टिकची जाळी किंवा अ‍ॅक्रिलिकचा पत्रा, त्यावर खडक, आणि मग खडकाभोवती दोन-अडीच सेंटिमीटर वाळू, असा क्रम असावा. वाळू उकरणारे मासे आणि कोळंब्या खडकाखालची वाळू काढतात आणि वर उभारलेला डोंगर खचतो. तो काचेवर आदळला तर पंचाहत्तर लिटर खारे पाणी बैठकीत येते.

आकाराविषयी मामांचे आणि माझे मतभेद झाले. त्यांना मध्यभागी एक शिखर हवे होते. मी दोन बेटे सुचवली; डावीकडे मोठे, उजवीकडे त्याच्या निम्मे, आणि दोहोंमध्ये मूठ जाईल एवढी खिंड. कागदावर दोन्ही मांडून मोबाइलवर छायाचित्रे काढली आणि चार दिवस टेबल तसेच राहू दिले. मामींनी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पाने वाढली आणि कुरकुर केली नाही, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. पाचव्या दिवशी मामा स्वतःच म्हणाले, की शिखराच्या मागे पुन्हा तोच अंधार होतो आहे. दोन बेटे ठरली. उंची टाकीच्या निम्म्यापर्यंतच ठेवली, कारण वर प्रवाळे वाढायला जागा हवी आणि हाताला खालून वर येताना अडथळा नको.

आणखी एक बारकावा मामींमुळे सुचला. आपण रचना उभ्याने पाहून ठरवत होतो, पण पाहायचे असते बसून. मामांच्या आरामखुर्चीतून त्यांची नजर पाण्याच्या पातळीच्या जरा वर येते, म्हणजे ते किंचित खाली पाहतात. दुहेरी भिंगाचा चष्मा असलेल्यांना हे सोयीचे, मान वर करावी लागत नाही. मग बेटांच्या पुढच्या बाजूला पायऱ्यांसारखे उतार केले, जेणेकरून वरून पाहतानाही कपारींची तोंडे दिसावीत. आपल्या घरी ज्येष्ठ व्यक्ती अंथरुणाला खिळलेली असेल, तर खुशाल उशीवर डोके ठेवून पाहा आणि तेथून जे दिसते त्याप्रमाणे दगड फिरवा. नजर अधू असेल तर मागच्या काचेला काळा किंवा गडद निळा कागद लावावा. फिकट खडक त्यावर स्पष्ट उठून दिसतो. पुढे काही महिन्यांनी गुलाबी-जांभळे चुनखडी शेवाळ खडकावर चढते आणि तो फिकटपणा ओसरतो.

पाण्याचा प्रवाह हा या रचनेचा उरलेला अर्धा भाग. मऊ प्रवाळांसाठी टाकीतील पाणी तासाला दहा ते वीस वेळा फिरेल एवढा प्रवाह पुरतो. आमच्या हिशेबाने ७५० ते १५०० लिटर. छोटा पंप एका कोपऱ्यात असा बसवावा, की त्याचा झोत खिंडीतून जाऊन मागच्या रस्त्याने परत यावा. झोत कोठे पोहोचत नाही हे गाळच दाखवून देतो. आठवड्यातून एकदा रबरी फुग्याच्या पिचकारीने कपारींतून पाणी फुंकावे, उडालेला गाळ नळीने ओढून घ्यावा. पिचकारी दाबणे हा बोटांना उत्तम व्यायाम आहे, हे मी आता माझ्या जुन्या पेशाला अनुसरून सांगते. पाणी बदलताना एका वेळी सात-आठ लिटर, आणि तेही चार लिटरच्या दोन डब्यांनी. भरलेली बादली उचलायची नाही. बाष्पीभवनाने घटलेल्या पाण्याच्या जागी गोडे पाणी घालायचे असते, खारे नव्हे. मीठ हवेत जात नाही.

आता काही धोके, आणि येथे मी काळजी घेणाऱ्यांशी बोलते आहे.

हाताला चीर, ओरखडा किंवा न भरलेली जखम असेल, तर टाकीत हात घालू नये. माशांच्या टाक्यांत मायकोबॅक्टेरियम मॅरिनम नावाचा जंतू आढळतो. तो जखमेतून शिरून बोटांवर आणि हातावर हळूहळू वाढणाऱ्या, लवकर बऱ्या न होणाऱ्या गाठी उठवतो. मधुमेही आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी लांब हातमोजे वापरलेच पाहिजेत. आणि अशी गाठ उठल्यास डॉक्टरांना घरात मत्स्यटाकी असल्याचे आपणहून सांगावे, कारण ते विचारतीलच असे नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर खडकांच्या तीक्ष्ण कडा रचनेपूर्वीच कानशीने बोथट करून घ्याव्यात.

कोणाकडून वापरलेला खडक घेऊ नये आणि घेतलाच तर तो कधीही उकळू नये, गरम पाण्याने घासू नये. त्यावर बटणांच्या झुबक्यासारखी दिसणारी पॅलिथोआ जातीची मऊ प्रवाळे असू शकतात. त्यांच्यात पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते, आणि उकळताना ते वाफेबरोबर सर्व घरात पसरते. परदेशांत अशा प्रकारे अख्खी कुटुंबे रुग्णालयात दाखल झाली आहेत. स्वच्छतेच्या हौसेने आपल्याकडे सगळेच उकळण्याची सवय असते, म्हणून हे ठळकपणे सांगितले.

विजेचे काम जाणकाराकडून करून घ्यावे. गळती होताच वीज तोडणारे आरसीसीबी त्या जोडणीवर असावे. वायर प्लगच्या पातळीखाली झोळ पडेल अशी सोडावी, म्हणजे तिच्यावरून ओघळलेले पाणी झोळातून खाली ठिबकेल, प्लगमध्ये शिरणार नाही. हात पाण्यात घालण्यापूर्वी पंप आणि दिवे बंद. जमिनीवर पायपुसणे नको, ते सरकते; रबरी तळाची चटई हवी. आणि घरात दुसरे कोणी असल्याखेरीज हात पाण्यात घालायचा नाही, हा नियम मामांनी स्वतःच्या अक्षरात लिहून टाकीवर चिकटवला आहे. जेथे ज्येष्ठ व्यक्ती एकटी राहते किंवा विस्मरणाचा आजार पुढे गेला आहे, तेथे खाऱ्या टाकीच्या मागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे गोड्या पाण्याची लहान टाकी पुरते, आणि तिची देखभालही दुसऱ्याने करावी.

केवळ पाहण्यानेही काही साधते का? अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्मृतिभ्रंशाच्या ६२ रुग्णांच्या जेवणाच्या खोल्यांत माशांच्या टाक्या ठेवल्या, तेव्हा त्यांचे खाणे लक्षणीय वाढले आणि वजनही. जे रुग्ण एरवी जेवता जेवता उठून जात, ते टाकीसमोर बसून राहत. इंग्लंडमधील प्लिमथच्या मत्स्यालयातील २०१५ चा अभ्यास मला आजच्या विषयाला अधिक जवळचा वाटतो. तेथील एका मोठ्या टाकीत मासे टप्प्याटप्प्याने सोडले जात असताना प्रेक्षकांच्या हृदयाची गती मोजली गेली. मासे वाढले तसे लोक अधिक रमले, हे खरे. पण मासे अजून सोडलेलेच नव्हते, तेव्हाही नुसत्या पाण्याकडे पाहणाऱ्यांच्या हृदयाची गती मंदावली होती.

हे मी मामांना मुद्दाम सांगितले होते, कारण रचना टाकीत उतरल्यावर लगेच मासे सोडता येत नाहीत. सूक्ष्मजीवांची वस्ती खडकात स्थिर व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर दर दोन-तीन दिवसांनी अमोनिया आणि नायट्राइट यांची चाचणी करायची आणि दोन्ही शून्यावर येण्याची वाट पाहायची. घाई करणारे येथेच फसतात आणि पहिले मासे गमावतात. मामांनी त्यासाठी एक आलेख केला. डाव्या हाताने काढलेल्या त्याच्या रेघा वाकड्या होत्या. तिसऱ्या आठवड्यापासून ते उजव्या हाताने काढू लागले, तसा त्यांच्या मनगटाचा मी दिलेला व्यायामही आपोआप सुरू झाला.

टाकी पाण्याने भरली त्या दिवशी मी तेथे होते. नातवाने एकेक गट तळाच्या जाळीवर उतरवला, मामांनी कागदावरच्या आकड्यांशी मापे ताडली. मामेभाऊ दारात उभा होता. पाणी निवळायला रात्र गेली. सकाळी मामींनी चहा आणला तो दोघांसाठी टाकीसमोरच. पाण्यात दोन ओकीबोकी बेटे, मधली खिंड, वर निळसर उजेड आणि एकही जीव नाही. मामा बराच वेळ पाहत राहिले, मग म्हणाले, "अगं, तो उजवीकडचा खालचा दगड अर्धा बोट पुढे आला आहे." मामी म्हणाल्या, "मग करा की मागे. पण थांबा, आधी पंप बंद करते."

त्यांनी बाही दुमडली, हातमोजा चढवला, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून हात आत घातला. तो तळापर्यंत गेला, दगड अर्धा बोट मागे सरकला आणि हात बाहेर आला. मामेभाऊ काही बोलला नाही. आत जाऊन टॉवेल घेऊन आला.

सहाव्या आठवड्यात विदूषक माशांची एक जोडी आली. टाकीतच जन्मलेली, समुद्रातून पकडलेली नव्हे. आपल्याकडे आता या माशांची पैदास केंद्रांत होते, तेव्हा घेताना दुकानदाराला हे जरूर विचारा. त्यांनी डावीकडच्या बेटातली दुसरी कपार घर म्हणून निवडली. मामांनी त्यांच्यासाठी योजलेली होती ती पहिली.